फौजी घरी येतो, मन मागे राहते

मागच्या महिन्यात विहारात रक्तदाब तपासणीचे शिबिर होते. रांगेतून एक बहीण आमच्यापुढे येऊन बसली. बीपी चांगलेच वाढलेले. झोप होते का, असे विचारले तर म्हणाली, "कुठली झोप ताई? हे रात्रीतून तीन-तीनदा उठून दाराची कडी बघतात. मी कूस बदलली तरी दचकतात." तिचे मालक फौजेतून निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. पेन्शन सुरू झाली होती. घरावर नवे पत्रे आले होते. सासूने गल्लीभर पेढे वाटले होते. "सगळं आलं ताई," ती हळूच म्हणाली, "माणूस तेवढा अजून यायचाय."

आपल्या वस्त्यांना फौज नवी नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आजही आपल्या कितीतरी घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी युनिफॉर्ममधला एक फोटो असतो. त्या फोटोचा आपल्याला अभिमान आहे. पण फोटोतला माणूस घरी आल्यावर त्याला झोप लागते का, हे आपण विचारत नाही. आम्ही नर्स असूनही बरीच वर्षे विचारत नव्हतो. गुडघे तपासले, शुगर पाहिली, की काम संपले असे आम्हालाही वाटायचे.

म्हणून या वेळी फौजेतून परतलेल्या माणसाच्या मनाबद्दल बोलू. उदाहरण मात्र अमेरिकेचे घेणार आहोत. त्याला दोन कारणे आहेत. एक, इराक आणि अफगाणिस्तानच्या लढाईतून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मनाची जेवढी तपासणी झाली, तेवढी फार थोड्या ठिकाणी झाली असेल. दुसरे, तिथे असे काही घडले की घरी जायची तारीख मोडली म्हणजे माणसाचे काय होते, हे स्पष्ट दिसले.

करार संपला, सुटका नाही

अमेरिकेत १९७३ पासून सक्तीची सैन्यभरती नाही. जो जातो तो स्वतःच्या सहीने जातो. करार साधारण आठ वर्षांचा. त्यातली तीन-चार वर्षे प्रत्यक्ष नोकरी आणि उरलेली घरी, पण गरज पडली तर बोलावणे येऊ शकते. सही करणाऱ्यांत कष्टकरी घरातली मुले-मुली पुष्कळ. कॉलेजची फी निघेल, दवाखान्याचा खर्च सुटेल, हाताला काम मिळेल, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडे भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरांचा हिशेब काही वेगळा नसतो.

करारावर सुटकेची तारीख असते आणि सैनिक तीच धरून जगतो. पण तिथल्या कायद्यात एक तरतूद आहे. लढाईच्या काळात राष्ट्राध्यक्ष सैनिकांची निवृत्ती आणि सुटका रोखून धरू शकतात. तिला 'स्टॉप-लॉस' म्हणतात, म्हणजे माणसांची गळती थांबवणे. १९९०-९१ च्या आखाती युद्धात ती वापरली गेली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर पुन्हा सुरू झाली आणि २००३ मध्ये इराकची लढाई पेटल्यावर हजारो घरांपर्यंत पोहोचली.

नियम असा की एखादी तुकडी लढाईवर निघणार असेल, तर निघण्याच्या ९० दिवस आधीपासून ती परत आल्यावर ९० दिवसांपर्यंत कोणालाही सोडायचे नाही. समजा, एखाद्याचा करार मार्चमध्ये संपतोय आणि त्याची तुकडी फेब्रुवारीत इराकला निघाली. तर त्याला वर्षभर इराकमध्ये काढावे लागणार आणि वर आणखी तीन महिने. त्याने नोकरी ठरवली असो, कॉलेजात नाव घातले असो, की लग्नाची तारीख काढलेली असो.

काही सैनिक कोर्टात गेले. तिथे त्यांना सांगण्यात आले की सही केलेल्या कागदातच लिहिले आहे, लढाईत मुदत वाढू शकते. २००४ च्या निवडणुकीत हा विषय गाजला. ही मागल्या दाराने आणलेली सक्तीची भरती आहे, अशी टीका तेव्हाचे उमेदवार जॉन केरी यांनी केली. सरकारनेच पुढे धरलेल्या हिशेबाप्रमाणे सप्टेंबर २००१ ते सप्टेंबर २००९ या काळात सुमारे १ लाख ४५ हजार सैनिक असे अडकले. २००९ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ही पद्धत बंद करायचे जाहीर केले, तेव्हाही जवळजवळ १३ हजार जण तिच्यात होते. त्याच वर्षी कायदा झाला आणि अडकवून ठेवलेल्या प्रत्येक महिन्यामागे ५०० डॉलर भरपाई ठरली. महिन्यांचे पैसे मिळाले. पण त्या महिन्यांत घरात जे बिघडले, ते पैशाने भरून येणारे नव्हते.

करार संपला नसेल त्यांच्याही तारखा मोडल्या. २००६ च्या जुलैत अलास्का राज्यातल्या एका ब्रिगेडचे इराकमधले वर्ष संपत आले होते. काहीशे जवान तर घरी पोहोचलेही होते. मुलांनी स्वागताचे फलक रंगवले होते. तेवढ्यात हुकूम आला की मुक्काम चार महिन्यांपर्यंत वाढवला आहे. घरी पोहोचलेल्यांना पुन्हा इराकला जावे लागले. २००७ च्या एप्रिलमध्ये तर सगळ्याच नियमित फौजेची इराक आणि अफगाणिस्तानातली मुदत १२ महिन्यांवरून १५ महिन्यांवर नेली गेली.

तारीख मोडली की काय होते

आम्ही वॉर्डात नाईट केलेली माणसे आहोत. सकाळी आठला रिलीव्हर येणार म्हणून रात्रभर उभे राहता येते. आठ वाजता कोणी सांगितले, "रिलीव्हर आली नाही, तुम्हीच थांबा," की हात काम करतात पण डोके बंद पडते. पुढच्या चार तासांत चूक होते ती तेव्हाच. आमच्यावर कोणी गोळ्या झाडत नव्हते. जिथे रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या ढिगाखालीही बॉम्ब असू शकतो, तिथे महिनेच्या महिने वाढले तर काय होत असेल, याची कल्पना यावरून करावी.

धोका दिसला की शरीर स्वतःला सज्ज करते. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, कान टवकारले जातात, झोप उडते. हे जीव वाचवण्यासाठीच असते. धोका गेला की शरीर सैल पडायला हवे. पण तो वर्षभर जातच नसेल, तर शरीर सैल पडायचे विसरते. ते विसरू नये म्हणून माणूस एका तारखेला धरून असतो: एवढे दिवस काढले की संपले. ती तारीखच काढून घेतली, तर धरायला काही उरत नाही.

अमेरिकन फौजेच्याच मानसिक आरोग्य पथकाने इराकमध्ये हवालदार दर्जाच्या सैनिकांची तपासणी केली. तिचा अहवाल २००८ मध्ये आला. पहिल्यांदा लढाईवर आलेल्यांपैकी साधारण १२ टक्क्यांना मनाचा त्रास होता. दुसऱ्यांदा आलेल्यांत तो १८ टक्क्यांच्या वर गेला आणि तिसऱ्या-चौथ्यांदा आलेल्यांत २७ टक्क्यांवर. माणसे तीच आणि प्रशिक्षणही तेच. म्हणजे हा भित्रेपणाचा प्रश्न नाही. माणसाच्या सोसण्याला माप असते.

हा आजार आहे, भित्रेपणा नाही

पहिल्या महायुद्धात थरथर कापणाऱ्या, बोलणे बंद झालेल्या सैनिकांना 'शेल शॉक' झाला असे डॉक्टर म्हणू लागले. तरी पळपुटेपणा आणि भित्रेपणाच्या आरोपाखाली ब्रिटिश फौजेने तीनशेहून अधिक सैनिकांना स्वतःच गोळ्या घातल्या. त्यांतले बरेच आजारी असावेत. त्यांना माफी मिळाली २००६ साली, नव्वद वर्षांनी. अमेरिकेत व्हिएतनामच्या लढाईतून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी आवाज उठवला, तेव्हा १९८० मध्ये या आजाराला वैद्यकीय पुस्तकात नाव मिळाले. त्याला पीटीएसडी म्हणतात. मोठ्या आघातानंतर राहून गेलेला मनाचा त्रास, असा त्याचा साधा अर्थ.

त्याची लक्षणे चार प्रकारची असतात. ती महिन्याहून जास्त टिकली आणि त्यामुळे रोजचे जगणे अडू लागले, तर डॉक्टरला दाखवावे.

१. घडलेले पुन्हा पुन्हा समोर येणे. वाईट स्वप्ने पडतात. जळक्या टायरचा वास आला तरी माणूस क्षणात तिथे पोहोचतो.

२. टाळणे. गर्दी, बाजार, लग्नकार्य नको वाटते. जुन्या साथीदाराचा फोनही उचलत नाही.

३. मन कोरडे पडणे. मुलाने पाय धरले तरी काही वाटत नाही. "मी वाचलो, तो गेला," हे डोक्यातून जात नाही.

४. सतत पहाऱ्यावर असणे. झोप लागत नाही, राग पटकन येतो, भिंतीला पाठ लावून बसायची सवय जात नाही.

दाराची कडी तीन-तीनदा बघणे हे चौथ्यातले.

रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने २००८ मध्ये हिशेब मांडला. तोवर सुमारे १६ लाख ४० हजार सैनिक या दोन लढायांवर जाऊन आले होते. त्यांपैकी साधारण ३ लाखांना पीटीएसडी किंवा नैराश्य असावे आणि सुमारे ३ लाख २० हजारांच्या मेंदूला स्फोटाच्या हादऱ्याने किंवा माराने इजा झाली असावी, असा अंदाज निघाला. पीटीएसडी किंवा नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांनी उपचार मागितला होता. बाकीच्यांना भीती होती की बढती जाईल, सोबती हसतील. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. पाचातल्या चौघांना हे आजार नव्हते. फौजेतून आलेला प्रत्येक माणूस आजारी असतो, असे समजून त्याच्याकडे बघू नका.

मेंदूच्या इजेबद्दल एक सूचना. स्फोटाजवळ असलेल्या किंवा डोक्याला मार लागलेल्या माणसाला डोकेदुखी, चक्कर, विसरभोळेपणा, उजेड सहन न होणे असे त्रास असतील, तर फक्त "टेन्शन आहे" म्हणून सोडू नका. डॉक्टरला त्या माराबद्दल आवर्जून सांगा.

मोडलेल्या शब्दाची जखम

बॉस्टनचे डॉक्टर जोनाथन शे यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर वर्षानुवर्षे उपचार केले. त्यांच्या ध्यानात आले की काहींची जखम भीतीची नाहीच. ज्यांच्या हाती आपला जीव दिला, त्या वरच्यांनीच योग्य ते केले नाही, विश्वास मोडला, ही ती जखम. तिला त्यांनी नैतिक इजा म्हटले. स्टॉप-लॉसमध्ये अडकलेल्या कितीतरी सैनिकांचे दुखणे असेच होते. लढायला ते तयार होते, लढलेही. पण सहीच्या कागदावरची तारीख खोटी निघाली. असा माणूस घरी येतो तेव्हा कोणाच्याच शब्दावर त्याचा भरवसा बसत नाही, बायकोच्याही नाही. सरकारी दवाखान्यावर तर नाहीच.

भीतीला सुरक्षित जागा लागते. मोडलेल्या शब्दाला पाळलेला शब्द लागतो, आणि तो रोज पाळावा लागतो. हे काम गोळीने होत नाही. ते घरच्यांना जमते. आपल्याकडेही सीमेवर तणाव वाढला की सुट्टीवर आलेल्या जवानाला बोलावणे येते आणि बहिणीच्या लग्नातून उठून तो गाडी धरतो. हुकूम आपल्या हातात नाही. घर आहे.

घरच्यांनी काय करावे

शब्द दिला तर पाळा. "पाचला येते" म्हटले तर पाचला या, उशीर होणार असेल तर फोन करा. दुसऱ्याला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण त्याच्यासाठी औषध आहे.

झोपेतून हलवून उठवू नका. पायाकडून, थोडे लांब उभे राहून नावाने हाक मारा. लहान मुलांनाही हे शिकवा.

फटाके, बॅन्जो, डीजे यांची आधी कल्पना द्या. १४ एप्रिलची मिरवणूक त्याला हवीच असते, पण कर्ण्याशेजारी उभे राहणे झेपत नसेल. कुठे थांबायचे आणि केव्हा निघायचे, हे त्याला ठरवू द्या.

"किती मारले?" हा प्रश्न कोणीही विचारू नये. पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवा. तो आपणहून बोलला तर ऐका. मध्येच उपदेश करू नका.

कॅन्टीनची रम झोपेचे औषध नाही. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटते आणि स्वप्ने वाढतात. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली, तर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडावी.

बाहेरची बाधा म्हणून भगत-मांत्रिकाकडे नेऊ नका. तिथे पैसे जातात आणि आजाराचे महिने वाढतात.

एक गोष्ट बहिणींसाठी. आजार म्हणजे मारहाणीची परवानगी नव्हे. तो आजारी आहे म्हणून तुम्ही मार खायचा नाही. हात उचलला तर मुलांना घेऊन बाहेर पडा, ११२ किंवा १८१ ला फोन करा. त्याचा उपचार आणि तुमची सुरक्षितता, दोन्ही एकाच वेळी हवे.

जिवाचा धोका ओळखा

"मी नसलेलाच बरा," "आता पेन्शन तुम्हाला होईल," अशी भाषा, कागदपत्रे अचानक आवरणे, सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखे वागणे, हे हलके घेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे होते. हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दहापैकी सुमारे सात आत्महत्या बंदुकीने होतात. आपल्याकडेही फौजेतून आलेले अनेक जण परवान्याची बंदूक घेऊन सिक्युरिटीत लागतात. अशा वेळी बंदूक घराबाहेर गेली पाहिजे. फवारणीचे औषधही कुलपात ठेवा.

आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलीस पकडतील, या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरले जाते. शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे, असे हा कायदा सांगतो.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी २००७ पासून वेगळी फोनसेवा आहे. आता तिथे ९८८ लावून १ दाबला की ती लागते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस आहे. नंबर १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. फौजेतल्या माणसांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

उपचार होतो

मानसोपचारतज्ज्ञाबरोबर ठरावीक पद्धतीने काही आठवडे बोलण्याचा उपचार असतो. टाळलेल्या आठवणीला सुरक्षित जागी, हळूहळू सामोरे जायला त्यात शिकवतात. पुष्कळांना त्याने चांगला फरक पडतो. गरज पडली तर गोळ्या देतात. त्यांचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका आणि बरे वाटले म्हणून मनाने बंदही करू नका. मेडिकलमधून स्वतःच झोपेच्या गोळ्या आणणे धोक्याचे आहे. त्यांची सवय लागते.

पेन्शनधारक माजी सैनिकाला आणि त्याच्या पत्नीला ईसीएचएस या योजनेच्या दवाखान्यात उपचार मिळतात. कार्ड काढले नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. ते लांब पडत असेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसिक आरोग्य विभागात जा. पहिली चिठ्ठी काढताना सोबत कोणीतरी असले तर बरे. आशाताईला सांगा, आम्हाला सांगा, आम्ही येऊ.

त्या बहिणीला आम्ही एवढेच सांगितले. तिच्या बीपीची गोळी सुरू केली आणि १४४१६ हा नंबर कॅलेंडरवर लिहायला लावला. महिन्याभराने दुसरे शिबिर झाले तेव्हा ते दोघे आले होते. ते दाराजवळच्या खुर्चीवर, भिंतीला पाठ लावून बसले. नाव पुकारल्यावर उठून आले, बाही वर केली. बीपी घेताना आम्ही विचारले, "झोप होते का दादा?" थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिकडं पुण्याला फोन केला होता. परत करा म्हणालेत बुधवारी." बुधवारी आम्ही त्यांना आठवण करणार आहोत. तसे सांगितले आहे, म्हणून करणारच.